अकरा खोटी माणसं

"थांबा ताई, रेवणसिद्ध अजून कारखान्यात मागावर हाय. साडेतीनला सुटंल, मग बोलंल." असं म्हणून वेबसाइटवाले काका फोन टेबलावर उपडा ठेवायचे आणि पंजाने झाकायचे. जणू आतल्या माणसाला आमचं बोलणं ऐकू गेलं असतं.

सरळच सांगते. रेवणसिद्ध नावाचा माणूस कुठेही नव्हता. तो काकांनी तयार केला होता. तसे आणखी दहा.

अक्कलकोट रोडला पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. पाटी होती, 'वेबसाइट बनवून व चालवून मिळेल.' मी तिथे गेले ती चिडून. यंत्रमागावरच्या प्रत्येक कामगाराची छाती फुकट तपासली पाहिजे, ही आमच्या संघटनेची मागणी. सुताची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जाते आणि कुणाला त्याचं काही नाही! आम्ही पत्रकं वाटली. तासाभरात ती कारखान्याच्या गेटसमोरच्या गाड्यावर भज्यांखाली दिसली. मग वेबसाइट काढली. ती रोज उघडून बघणारे आम्ही पाच जण, दुसरं कुणी नाही.

त्यांनी आमचं पान उघडलं. वर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कामगारांच्या आरोग्यावर घाला!'

"हे कोण हुडकणार, ताई?"

"म्हणजे?"

"माणूस फोनला काय इचारतो? 'खोकला जात न्हाय, काय करू.' ते लिवा की वर. भाषण खाली ठेवा."

मला राग आला. पण मथळा बदलला, आणि आठवड्यात अनोळखी लोक पानावर यायला लागले.

मग त्यांनी फोनवर कामगारांचा ग्रुप काढला. रिकाम्या ग्रुपमध्ये कुणी तोंड उघडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून ते आधी आपली अकरा माणसं बसवत. एका वहीत प्रत्येकाचं पान होतं: पाळी कुठली, सासुरवाडी कुठली, चहा की पान, राग आला की काय म्हणतो. अंबादास तेलुगू मिसळून बोलायचा. शब्बीर फक्त शुक्रवारी दुपारनंतर लिहायचा. रेवणसिद्धच्या फोटोच्या जागी चादरीवरचं फूल होतं, चेहरा नव्हता. कामाच्या वेळेत ते कुणालाही बोलू देत नसत. "माग सोडून फोन बघंल व्हय तो? मुकादम सोडंल का?"

"काका, हा शुद्ध खोटेपणा आहे," मी एकदा सुनावलं.

"तुमच्या पत्रकावर काय असतंय? 'आम्ही सारे कामगार.' तुमी किती दिस माग चालवलाय?"

मी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

ग्रुप भरू लागला. सगळ्यांत जास्त उत्तरं रेवणसिद्धला यायची. तो तक्रार करत नसे, नुसतं सांगत असे. सकाळी थुंकलं की पांढरे धागे पडतात. जिना चढताना मधल्या पायरीवर चप्पल नीट करायचं सोंग करतो, म्हणजे कुणाला कळत नाही. त्याखाली खरी माणसं लिहायची, 'माझं पण असंच.' पाच वर्षं पत्रकं लिहून मला ती चप्पल सुचली नव्हती.

एके दिवशी एका कामगाराने लिहिलं, 'काल रेवणसिद्ध गेटवर दिसला. लई वाळलाय.'

मी हसत दुकानात गेले, फोन दाखवला. ते हसले नाहीत.

"कुठल्या गेटला म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

दोन दिवसांनी दुसऱ्याने लिहिलं, 'मी त्याला गाडीवरून नाक्यापर्यंत सोडलं. मागं बसून सारखा खोकत होता, बोलला काहीच न्हाय.' दोघेही खरे कामगार होते, मी त्यांना ओळखत होते. थट्टा करणारी माणसं नव्हती ती. मी म्हटलं, "काका, हे काय चाललंय?" ते वहीतलं रेवणसिद्धचं पान उघडून बसले होते. "नाक्याचं मी लिवलंच न्हवतं," एवढंच बोलले.

आणि मग आमची मागणी मान्य झाली. तपासणीची गाडी येणार, पण आधी नावांची यादी द्या, असा निरोप आला. यादी ग्रुपमधूनच निघणार होती. एक जरी खोटं नाव सापडलं असतं तर सगळ्यांनाच खोटं ठरवलं असतं. मी दुकानात गेले आणि हुकूमच सोडला, अकराही जण आत्ता, माझ्यासमोर काढा.

दहा निघाले. मग त्यांचं बोट थांबलं.

"रेवणसिद्धला ऱ्हाऊ द्या की. त्याला तपासून घ्यायचंय."

"काका, त्याला छाती आहे कुठे तपासायला?"

ते हसायला लागले. हसता हसता खोकले, बराच वेळ. मग रुमाल घडी करून खिशात घातला आणि रेवणसिद्धला काढून टाकलं. मी यादी घेऊन निघाले. त्यांचं नाव विचारून त्यात घालावं, असं माझ्या मनातही आलं नाही. वेबसाइटवाला माणूस, त्याचा मागाशी काय संबंध?

गाडी आली. रांग कुंपणापर्यंत गेली. रांगेत मधेच एका माणसाएवढी जागा मोकळी होती. मी ओरडले, "पुढे सरका की!"

"रेवणसिद्धची जागा हाय, ताई," मागचा म्हणाला. "चहा घिऊन येतो म्हणला."

"कोण म्हणालं?"

"तोच की. आत्ता तर गेला."

गाडी बंद होईपर्यंत ती जागा तशीच पुढे सरकत राहिली. त्यात कुणी पाऊल टाकलं नाही.

ते त्या दिवशी आले नाहीत. दुकान उघडलं नाही. महिन्याभराने मी फोन केला तो त्यांच्या बहिणीने दुधनीहून उचलला. "गेला की ओ तो. वीस वर्सं माग चालवला, छाती भरली, मग हे फोनाचं काम धरलं. जिन्यावर थांबायचा अन् चप्पल नीट करायचा. आमाला वाटायचं, चप्पलच तुटलीय."

ग्रुपला कळवायला हवं होतं. पण ग्रुपमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं. स्वतःच्या नावाने ते कधी एक अक्षर बोलले नव्हते. माझ्याकडे दुकानात काढलेला त्यांचा एक फोटो होता. तो टाकला, म्हटलं नाव खाली लिहू. लिहायला घेतलं तोवर उत्तरं सुरू झाली.

'आरं, रेवणसिद्ध गेला?'

'नाक्यापर्यंत मीच सोडला होता.'

'रांगेत माझ्या पुढं होता.'

उत्तरं संध्याकाळपर्यंत येत राहिली. हे कोण, असं एकानेही विचारलं नाही.