कादरभाईंची जीभ

कादरभाई बॅटरी चाखत. हो, चाखत. भाजीवाली काकडीचा तुकडा तोडून बघते तसं. मूल गावच्या बसस्टँडमागे त्यांचं बॅटरीचं दुकान होतं; सगळे त्यांना चाचा म्हणत. गिऱ्हाईक बॅटरी टेबलावर ठेवी, चाचा तिची सहा बुचं उघडत, प्रत्येक कप्प्यातल्या तेजाबात, म्हणजे ॲसिडात, करंगळी बुडवत आणि जिभेच्या टोकाला लावत. मग डोळे मिटत. त्या वेळी दुकानात कोणी खोकायचंही नाही. चव बिघडलेली असली तर ते बाजूला थुंकत आणि म्हणत, "मेली." चांगली असली तर काहीच बोलत नसत, मुकाट्याने बुचं लावत. चाचा थुंकले तर नापास, गप्प राहिले तर पास, हे गडचिरोलीपासून भामरागडपर्यंतच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. त्या जंगलात गाडी बंद पडली तर दिवसभर दुसरी येईलच असं नव्हतं. चाचांच्या गप्प बसण्यावर माणसं घाटात शिरत.

मी तेव्हा पिकअप चालवायचो. मूल, सावली, चामोर्शी, असे आठवडी बाजार. तांदूळ न्यायचा, भाजीपाला आणायचा, आणि रस्त्यात भेटेल त्याला खोटंनाटं रंगवून सांगायचं. माझी बॅटरी बसली तेव्हा मी ऐटीत जाऊन म्हणालो, "चाचा, ट्रकची द्या. सगळ्यात मोठी."

"काऊन? पिकअपमंदी हत्ती बसवतेस का?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "दिवसातून कितीदा बंद करतेस गाडी?"

"आठ-दहा वेळा."

"एका बाजारातून दुसऱ्यात जाताना किती चालते?"

"पंधरा-वीस किलोमीटर."

"मंग? बैल मोठा बांधशीन, वैरण कोण टाकीन? वीस किलोमीटरात तिचं पोट नाई भरत. उपाशी मरन बिचारी." मग ते उठले आणि मला दुकानाच्या मध्यात उभं केलं. "आता तू गाडी हाय समज. तोंड माह्याकडं कर. धनाची, प्लसची तार कोण्या हाताले येते?"

मी उजवा हात वर केला.

"पक्कं?"

मी डावा केला. चाचांनी कपाळावर हात मारला. "जा, बोनट उघडून पाहून ये. उलटी बसवली तर तार पोचत नाई, अन् तू ती खेचून लावशीन. मले माहीत हाय तुले." मी पाहून आलो. डावाच होता. मग त्यांनी हॉर्न किती वाजवतो, गाडी उतारावर लावतो की सपाटावर, हेही विचारलं. मुलीसाठी स्थळ पाहतानाही माणसं इतकं विचारत नाहीत. शेवटी जुन्या पेटीत नव्या प्लेटा भरलेली, माझ्या गाडीला मापात बसणारी एक बॅटरी त्यांनी निवडली, चाखली, आणि गप्प राहिले. पास!

पंधरवडाही झाला नसेल, चामोर्शीच्या बाजारात ती बॅटरी बसली. गाडीला चार जणांनी ढकललं. वांगेवाल्या बाया टाळ्या वाजवत होत्या. मी तशीच बॅटरी उचलून चाचांकडे आलो. त्यांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. आणि बुचं लावायला लागले. पास.

मी चक्रावलो. तेवढ्यात चाची आतून चहा घेऊन आल्या. मी एक घोट घेतला आणि तो सरळ नाकातून बाहेर आला. चाचींनी साखरेऐवजी मीठ घातलं होतं, तेही सढळ हाताने. चाचांनी मात्र बशी दोन्ही हातांनी धरली, फुर्र करून शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्याले आणि म्हणाले, "वा! आज एक नंबर झाला."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचींकडे पाहिलं. मी निघताना त्या मागच्या दारापाशी हळूच म्हणाल्या, "दोन साल झाले, बाबू. मिठाचा पत्ता नाई, साखरेचा नाई. तेजाबानं जीभ जाळून टाकली. कोणाले सांगू नको. याच्याशिवाय काय हाय त्यांच्यापाशी?"

चाचांजवळ काचेची नळी होती, बॅटरीतल्या पाण्याचा जोर मोजायची. ती खिळ्याला टांगलेली. मी एकदा आडून सुचवलं तर म्हणाले, "नळी नोकर हाय. मी मालक."

मग मी नाटक सुरू केलं. आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. चंद्रपूरहून नवी बॅटरी आणून गाडीत बसवली. चाचांची मेलेली बॅटरी मागच्या हौद्यात पोत्याखाली ठेवली. महिन्यातून एकदा ती पोत्याखालून काढायची, चाचांपुढे ठेवायची. ते चाखत, गप्प राहत, आणि मी चार ड्रायव्हरांसमोर हात नाचवून सांगायचो, "पाहा बे, याले म्हणतात बॅटरी! एका हाकेत गाडी जागी!" चाचा मिशीत हसत. ड्रायव्हर माना डोलवत आणि आपापल्या बॅटऱ्या पुढे करत. चाची पडद्याआडून माझ्याकडे पाहत असायच्या. त्यांच्या तोंडावर हसू नसायचं.

मार्चमध्ये सोमा मडावी आला. भामरागडच्या वाटेवरच्या एका गावातला, त्याचीही पिकअप होती. त्याने आपली बॅटरी टेबलावर ठेवली आणि उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चाचा, तुम्ही पास केली होती," तो म्हणाला. "गावच्या चार पोरी नेऊन राह्यलो होतो, दहावीच्या पेपरले. नाल्यात एक पोरगी चढायची होती म्हून गाडी बंद केली. मंग उठलीच नाई. रेतीत ढकलता बी येईना. पोरी चालत गेल्या. शाळेचं फाटक बंद झालं होतं."

"पेपर?" चाचांनी विचारलं.

"गेला. माही पोरगी बी होती त्यात. तिचा मामा म्हणते, आता साल कशाले वाया घालवता, लगन करून टाका."

चाचांनी बुचं उघडली. करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. आम्ही वाट पाहिली. बस लागली, सुटली. चाचा तसेच. मग त्यांनी डोळे उघडले आणि बॅटरी माझ्याकडे सरकवली.

"तू चाख."

"मी? चाचा, मले काय..."

"चाख. अन् खरं सांग. नाटक नाई."

मी बोट बुडवून जिभेला लावलं. मला तेजाबाची चव ठाऊक नव्हती, पण पाण्याची होती. ते पाणीच होतं, विहिरीचं असावं तसं. नावाला आंबट.

"पाणी आहे, चाचा."

"अन् तुले कधीपासून माहीत हाय?"

ते बॅटरीचं नाही, आपल्या जिभेचं विचारत होते, हे मला कळलं. मी म्हणालो, "मिठाच्या चहापासून."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे दोघांनी मिळून बुडवला पोरीचा पेपर." रागाने नाही म्हणाले. मोजून म्हणाले. सोमाने आपली बॅटरी उचलली आणि गेला. त्या चौघींपैकी दोघी पुढच्या वर्षी परीक्षेला बसल्या. सोमाची पोरगी त्यात नव्हती.

चाचांनी त्याच दिवशी काम थांबवलं. पण लोक थांबले नाहीत. ड्रायव्हर बॅटऱ्या घेऊन यायचे, चाचा सांगायचे, "माही जीभ मेली, बाबांनो, मले चव नाई." आणि ते म्हणायचे, "पाहा, एवढा मोठा माणूस, पण गर्व नाई!" ते बळेच करंगळी धरून बुडवायचे. चाचा तोंड घट्ट मिटून बसायचे. मी खरं सांगू लागलो तर मला हसायचे. मी आयुष्यभर त्यांना काय-काय सांगितलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

शेवटी चाचा आणि चाची लेकीकडे बल्लारपूरला जायला निघाले. मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. दोन ट्रंका, एक सतरंजी. चाचा खिडकीशी बसले. एवढ्यात एक जीपवाला बॅटरी दोन्ही हातांवर तोलत धावत आला.

"चाचा, जाताजाता एकदाच! आलापल्लीकडे निघालो, गाडीत बाया-पोरं हायत."

चाचांनी खिडकीतून हात जोडले. मान जोरजोराने हलवली. मग त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला. बस हलली, वळली, गेली.

जीपवाला खूश होऊन माझ्याकडे वळला. "थुंकले नाई, भाऊ! पास!"

"अरे, त्यांना चव कळत नाही रे," मी म्हणालो. त्याचा दंड धरला. "देवाशपथ. मी स्वतः... तू इथंच दुसरी घे."

"तुमचं बी ना, भाऊ, काहीतरी," तो हसत म्हणाला. त्याने बॅटरी बसवली, बोनट आपटलं. गाडी पहिल्या हाकेत सुरू झाली. मागच्या सीटवरून एका लहान पोरीने मला हात हलवला, आणि ते आलापल्लीच्या रस्त्याला लागले.