सुरसागरच्या काठावर निवडलेला अँप्लिफायर

माझे वडील बडोद्याच्या सरकारी बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवायचे. त्यांची जागा मोठ्या पडघमाच्या अगदी पुढे, आणि सणासुदीला तोफांची सलामी झडे तेव्हाही बँड जवळच उभा असे. पेन्शनीत निघाले तोवर त्यांचे कान जवळजवळ गेलेले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत आणि ते चिडत. "ओरडता कशाला? आवाज येतो मला. शब्द येत नाहीत," असं म्हणायचे. या बोलण्याचा नीट अर्थ आमच्यापैकी कुणी लावला नव्हता.

मी तेव्हा बांधकाम खात्यात नकाशे काढायला होतो. महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं. घर दांडिया बाजारात, कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर, संध्याकाळ सगळी आपली. एकदा मुंबईला मामेभावाकडे गेलो असताना तिथल्या एका हॉटेलात हवाईयन गिटार ऐकली. मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. त्या वाद्यात मींड अशी निघे की जणू कुणी गळ्यातून गातंय. मी वेडाच झालो. पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून मुंबईतच एका गोव्याकडच्या मास्तरांकडे शिकलो आणि गिटार घेऊनच बडोद्याला परतलो.

आबांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, लाकडावर टिचकी मारली. मी समोर बसून वाजवली. त्यांनी लक्ष देऊन माझ्या हातांकडे पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "हात बरा फिरतोय." ऐकू काहीच आलं नव्हतं त्यांना. मलाही ते कळलं आणि त्यांनाही.

माझा एक मित्र तबला वाजवायचा. रावपुऱ्यातला गुजराती, कापडाच्या दुकानातला, बोलायला मोकळा. घरी आला की माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोले. आम्ही दोघांनी मिळून भावगीतं, नाट्यपदं, गरब्याच्या चाली बसवल्या आणि लोक बोलावतील तिथे जाऊ लागलो. पहिलंच मोठं बोलावणं करजणचं, त्याच्या नात्यातल्या लग्नाचं. मांडव भरलेला, भांडी वाजतायत, पोरं रडतायत, बायका गाणी म्हणतायत. मी तासभर मान मोडून वाजवलं. शेवटी मुलीचे काका जवळ येऊन अदबीनं म्हणाले, "भाई, आता शुरू करा ना." त्यांना वाटलं मी इतका वेळ तारा लावतोय.

परतीच्या गाडीत मित्र हसून हसून लोळला. मग डोळे पुसत म्हणाला, "तुझं वाद्य देवघरात वाजवायचं आहे. नाहीतर एने वीज लगाव."

वीज लावणं अगदीच अशक्य नव्हतं. सुरसागर तळ्याच्या काठावर एका पारशी गृहस्थाचं रेडिओचं दुकान होतं. रेडिओ, ग्रामोफोन, सभेला लागणारे लाऊडस्पीकर, सगळं ते ठेवत आणि दुरुस्तही करत. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्यांनी कुठूनतरी लोहचुंबकाची एक पट्टी मागवली आणि माझ्या गिटारीच्या तारांखाली बसवून दिली. तारेची थरथर त्या पट्टीतून वायरीत जायची, आणि वायरीतून अँप्लिफायरमध्ये. आता अँप्लिफायर निवडायचा होता.

शेठनी दोन दाखवले. एक लहान, सुबक. तपकिरी कातड्यानं मढवलेला, वर धरायला मूठ, पुढे सोनेरी कापडाची जाळी. हातात घेऊन डॉक्टरासारखं चालत जावं असा. दुसरा एका फिरत्या टॉकीजचा, तंबू गुंडाळताना मालकानं विकून टाकलेला. सागवानी पेटी, मागून उघडी, आत दिव्यासारखे पेटणारे काचेचे व्हॉल्व्ह मोठमोठे, दुधीभोपळ्यासारखे फुगलेले. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो उचलायला दोन माणसं लागली.

"ह्याला न्यायला सरकारी पिलखान्यातून हत्ती मागवावा लागेल," मित्र म्हणाला.

दुकानात दोन्ही वाजवून पाहिले. लहान्याचा आवाज गोड होता, थोडा मधाळच. मोठ्याचा साधा, सपाट, त्यात काही खास वाटेना. माझं मन लहान्यावर बसलं. शेठ पक्के दुकानदार असले तरी घाई करणारे नव्हते. ते म्हणाले, "घरी न्या. एक जलसा करा. पछी बोला." म्हणजे वाजवून बघून मग ठरवा.

त्या आठवड्यात आमच्याच भागातल्या वाचनालयात छोटी बैठक होती. मी लहान पेटी घेऊन गेलो. सुरुवात छान झाली. पण तबला रंगात आला, लोक दाद देऊ लागले, तसा मी आवाजाची चक्री पुढे फिरवत गेलो. पाऊण फिरवली आणि सूर फाटला. हळू छेडलेली तार ठीक वाजे, पण जरा जोर दिला की बोकड ओरडल्यासारखा आवाज निघे. मींड तर सगळी कराकरा. पुढच्या रांगेतले लोक सभ्य होते, त्यांनी खाली पाहिलं. मागे दोघं-तिघं फिसकन हसले.

आबा पहिल्या रांगेत होते. मी मुद्दाम त्यांना पेटीतल्या लाऊडस्पीकरसमोर बसवलं होतं. मला वाटलं होतं, आज तरी त्यांना ऐकू येईल. त्यांनी दोन्ही हात कानांवर घेतले आणि डोळे मिटून बसून राहिले. नंतर उठून बाहेर गेले.

घरी आल्यावर मी जेवायला बसेना. बायको पानं घ्यायला लागली. आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, पण आबांशी बोलायची हातोटी तिलाच साधली होती. ती कधी ओरडत नसे. त्यांच्या डाव्या बाजूला बसायची, आणि एकेक शब्द सुटा करून, आवाज जरा खाली आणून बोलायची. आबांना तिचं जवळजवळ सगळं कळायचं. आम्हाला वाटे, सुनेचं कौतुक म्हणून ते मुद्दाम मान हलवतात.

पान वाढून ठेवता ठेवता ती म्हणाली, "अहो, मामंजींना आवाज कमी पडला म्हणून ते उठले नाहीत. त्यांना तो बोचला."

"मोठा केल्याशिवाय त्यांना ऐकू कसं येणार?"

"मोठा हवाच. पण सुटा हवा. तुम्ही सगळे ओरडता तेव्हा तुमचे शब्द फाटतात. ती पेटीही ओरडतच होती की."

मी हात धुऊन जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर शेठकडे गेलो आणि झालं ते सांगितलं. त्यांनी लहान पेटीची पाठ उघडून दाखवली. आतले व्हॉल्व्ह बोटाएवढे. ते म्हणाले, तार जोरात छेडली की पहिला झटका फार मोठा असतो. पेटी आधीच सगळी ताकद लावून बसलेली असली तर त्या झटक्याला द्यायला तिच्याकडे काही उरत नाही, मग सूर वरून कापला जातो. मोठी पेटी तेवढ्याच आवाजाला निम्मीही दमत नाही. "एनी पासे दम बाकी रहे छे," ते म्हणाले. दम शिल्लक राहतो. गाणाऱ्याच्या दमसासाविषयी मी खूप ऐकलं होतं. पेटीलाही तो लागतो, हे मला त्या दिवशी उमगलं.

"पण दुकानात तर लहानीच गोड वाजली," मी म्हणालो.

"दुकानात चार भिंती छे. बाहेर काढा."

आणि आम्ही खरोखरच बाहेर काढल्या. रविवारी सकाळी शेठनी दुकानातून लांब वायर ओढून दोन्ही पेट्या तळ्याच्या दगडी कठड्यापाशी मांडल्या. मी एका स्टुलावर बसलो, मित्र सतरंजीवर तबला घेऊन. ऐकायला माणसं पलीकडच्या काठावर हवी होती. बायको म्हणाली, "मामंजींना मी घेऊन जाते." आबा कुरकुरले. बहिऱ्याला तळ्याच्या पल्याड नेऊन कसली परीक्षा घेता, म्हणाले. पण ती चालू लागली तसे तेही काठी टेकत निघाले. पाण्याला वळसा घालून जाताना ती दोघं मला दिसत होती. तिचं हिरवं लुगडं, त्यांचा लाल फेटा. पलीकडे पोचल्यावर ती कठड्याशी उभी राहिली आणि त्यांना पायरीवर बसवलं. नीट ऐकू आलं तर तिनं हात वर करायचा, असं ठरलं होतं.

आधी लहान पेटी. चक्री अर्ध्यावर असताना पलीकडून काहीच खूण नाही. पाऊण केली, नाही. पूर्ण केली, तेव्हा माझ्या कानाशी तो बोकड पुन्हा ओरडू लागला आणि कठड्यावरची कबुतरं उडाली. पलीकडे बायकोनं हात वर केला नाही. आबांनी मात्र पंजा हलवून बंद कर, बंद कर अशी खूण केली. एवढं पाणी मध्ये असूनही त्यांना तो आवाज बोचला होता.

मग मोठी पेटी. मी तीच चाल धरली, आबांच्या बँडमधली एक संथ गत, लहानपणापासून कानात बसलेली. चक्री एक तृतीयांशसुद्धा फिरवली नव्हती. आवाज माझ्याजवळ काही फार मोठा वाटत नव्हता, पण तो पाण्यावरून सरळ गेला. बायकोचा हात वर गेला. मी जरा वाढवला, तार जोरानं छेडली. झटका आला, आणि पेटीनं तो सहज पेलला. कुठे कराकर नाही, चरचर नाही. नळावर पाणी भरणारी माणसं थांबून पाहू लागली. एक टांगेवाला टांगा थांबवून बसूनच राहिला.

मित्र वाजवता वाजवताच म्हणाला, "समोर जो." मी पाहिलं.

आबा उठून उभे राहिले होते. त्यांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली होती, आणि उजवा हात मांडीवर पडत होता. लांबून मला बोटं दिसत नव्हती, नुसता हात पडताना दिसत होता. तो समेवर पडत होता. एकदा नाही, प्रत्येक आवर्तनाला. मी मुद्दाम लय ओढून एक आवर्तन लांबवलं, मित्रानंही ठेका संथ केला, आणि सम उशिरा आणली. हात वर थांबला आणि सम आली तेव्हाच खाली आला.

मला पुढचं नीट वाजवता येईना. मित्रानं ते ओळखलं असावं. त्यानं एक मोठा तुकडा घेऊन ती गत स्वतःच संपवली.

शेठ दाराच्या चौकटीत उभे होते. "तर कोणती बांधू?" त्यांनी विचारलं.

"मोठी," मी म्हणालो.

"वजन लई छे, मी आधीच सांगतो."

"असू दे."

ती दोघं वळसा घालून परत आली तेव्हा आबा पुढे आणि बायको मागे होती, म्हणजे ते भराभर चालले होते. त्यांनी पेटीवर हात ठेवला, मागून वाकून व्हॉल्व्हांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसरं कडवं घाईत घेतलंस."

बायको पदराआड हसली. मी म्हणालो, "हो आबा." आणि मग आठवण झाली तसं त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन, हळू, सुटे शब्द करून म्हणालो, "किती, संथ, हवं?"

"बँडची माणसं चालतात तेवढं," ते म्हणाले. "ती घोड्यावर बसलेली नसतात."

त्या थंडीत वाचनालयाचा वर्धापनदिन बागेतल्या बँडस्टँडवर झाला, दुपारी उन्हं कलल्यावर. सागवानी पेटी टांग्यातून नेली. टांगेवाल्यानं ती पाहून पाठीमागे बसायला कुणालाच घेतलं नाही, त्यामुळे आम्ही दोघं चालत गेलो. लोक हिरवळीवर पार चाफ्याच्या झाडांपर्यंत पसरले होते. मी चक्री निम्म्यापर्यंत नेली. त्यापुढे जायची वेळच आली नाही. मागून कुणी हसलं नाही, आणि आता शुरू करा असंही कुणी म्हणालं नाही. एक नाट्यपद दोनदा वाजवावं लागलं.

आबा मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर बँडमधले त्यांचे दोन जुने सोबती त्यांना भेटले, आणि तिघं मिळून माझ्या चुका काढत बसले. मी वायरी गुंडाळत होतो. बायकोनं डब्यातून चिवडा आणला होता, तो मित्र उभ्या उभ्याच खात होता. सूर्य झाडांमागे गेला होता, पेटी अजून गरम होती, आणि आबांचं बोलणं मला तिथपर्यंत ऐकू येत होतं. ते त्या दोघांना हात हलवून दाखवत होते की मींड कुठून उचलायची असते.