पानावरची केसाएवढी निळी रेघ

आमच्या डॉक्टरांना त्यांच्या कंपनीने फसवलं. हे मी नाशिकच्या कुठल्याही चौकात उभा राहून सांगेन. कंपनीचं नाव घेत नाही, कारण वकील पोसायची मला हौस नाही. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, टोमॅटोच्या झाडांचे. गंगापूर रोडला माझ्या नर्सरीला लागून कंपनीचं जाळीघर होतं, तिथे त्यांनी सहा वर्षं घालवली. माझा जन्म बाजारात गेला. पण एवढा हुशार आणि फसवायला एवढा सोपा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घासाघीस त्यांना यायचीच नाही. भाजीवालीने मेथीचा भाव सांगितला की हे विचारणार, "एवढ्यात परवडतं ना तुम्हाला?" ती गोंधळून स्वतःच भाव उतरवायची, आणि हे पहिलाच भाव देऊन यायचे. मी बाजूला उभा राहून दात खायचो. पण हाच माणूस जाळीघराच्या दारात पोलादासारखा. बाहेर पडताना खिसे उलटे करायचे, कपडे झटकायचे, कानामागे हात फिरवायचे. जनुक बदललेल्या झाडाची एक बी बाहेर जाता कामा नये. मलाही झटकायला लावायचे.

"डॉक्टर, एक रोप द्या. तुमच्या दारात गुलाबाची बाग लावून देतो."

"नाही."

"दोन बागा."

"शेठ, पानसुद्धा नाही."

हातगाडीवर रोपं विकण्यापासून मी सुरुवात केली. इतक्या वर्षांत असा कोरडा नकार मला कुणी दिला नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्या प्रेमात पडलो.

जाळीघरात सुरगाण्याकडची एक मावशी कामाला होती. ती सांगायची, "डॉक्टर झाडाला चिमटं काढतो, मंग सॉरी म्हनतो. लय येडा हाय!" खोटं नव्हतं. ते खरंच लोखंडी चिमट्याने पान चिमटायचे. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्या विहिरीकडे बोट केलं.

"तुमची मोटर चांगली आहे, शेठ. पण ती कधी चालवायची, किती वेळ, हे कोण ठरवतं?"

"मी. दुसरं कोण?"

"झाडात तुम्ही नसता. तिथे जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो. तो खटका. तो ठरवतो."

अळीला मारणारं प्रथिन बनवणारा जनुक कंपनीकडे आधीपासून होता. डॉक्टरांनी शोधला होता खटका. अळीने पान कुरतडलं की तेवढ्याच जागी, तेवढ्यापुरता सुरू. बाकी झाड निवांत. तो कुठे चालतो ते दिसावं म्हणून त्यांनी त्याला आधी निळा रंग आणणारा जनुक जोडला होता. चिमटा म्हणजे नकली अळी. चिमटलेलं पान रसायनात भिजवायचं, मग स्पिरिटमध्ये त्याचा हिरवेपणा धुऊन काढायचा. पान कागदासारखं पांढरं व्हायचं आणि जखमेवर केसाएवढी निळी रेघ उमटायची. ती बघताना डॉक्टरांचा चेहरा लेकीचा पहिला दात बघणाऱ्या बापासारखा व्हायचा.

एक दिवस कंपनीचे मोठे साहेब आले. टेबलावर दोन पानं. एक डॉक्टरांचं. दुसऱ्या पानाच्या झाडात सतत सुरू राहणारा, सगळे वापरतात तो खटका होता. ते पान देठापासून टोकापर्यंत निळंशार. अळी मारणारा जनुक दोहोंपैकी एकाच खटक्याला जोडायचा होता. मी ट्रे पोचवायला आलो होतो.

"काय शेठ, तुम्ही बाजारातले. कुठलं घ्याल?"

माझी पारख कुणी विचारली की मी फुगतो. "हे काय विचारणं झालं? हे भरगच्च!"

साहेब हसले. "बघा डॉक्टर, बाजार बोलला."

"जास्त निळं म्हणजे जास्त चांगलं नव्हे, सर. झाडाला ते झेपणार नाही." एवढंच, एकदाच, हळू आवाजात. मी असतो तर टेबल उलटं केलं असतं.

साहेबांनी भरगच्च पानाचा खटका निवडला. वर्षभरात कळलं. सतत सुरू असलेल्या खटक्याची रोपं खुरटली. अळी असो नसो, मुळापासून फुलापर्यंत झाड तेच प्रथिन बनवत बसलेलं. वाढणार कशाच्या जोरावर? साहेबांनी अहवालात लिहिलं की डॉक्टरांची निवड चुकली, आणि खाली सही ठोकली. काम बंद. जाळीघरातलं सगळं जाळायचं, डॉक्टरांच्या खटक्याची झाडंसुद्धा.

मी जाळीपाशी गेलो. "मूठभर बी माझ्याकडे ठेवा. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल, शेठ."

यादीशी ताडून त्यांनी एकेक रोप भट्टीत दिलं. मावशी डोळ्यांना पदर लावून उभी होती. तिला म्हणाले, "मावशी, कोपऱ्यातलं एक राहिलं."

पुढे ते दूर कुठल्याशा कॉलेजात शिकवायला गेले. जाण्याआधी माझ्याकडे चहाला आले, कलमांची चौकशी केली, हात हातात घेतला. त्या टेबलाविषयी अवाक्षर काढलं नाही. एक शिवी दिली असती तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. जाळीघराची जागा आता रिकामी आहे, आणि तिथून जाताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

पानाकडे बोट मी दाखवलं, हे मी इथे लिहून दिलं. आता साहेब, अहवालाखालची ती सही तुमची. डॉक्टरांचं नाव तिच्या वर कसं आलं, ते तुम्ही सांगा.