कोपऱ्यातलं नाव

सूचौ शहरातल्या आमच्या गल्लीत थान चितारी राहायचे. माणूस मोठा गमत्या. उत्तरेकडून चाल करून आलेल्या मांचूंचं राज्य चीनवर नुकतंच आलं होतं. वहिनी रोज बजावायच्या, "अहो, कमळं काढा, कोंबडे काढा. त्यानं कुणाचं डोकं जात नाही." थान म्हणायचे, "कोंबडे काढून काढून मीच आरवायला लागेन."

शेवटी गल्लीतल्याच शेन मास्तरांच्या साठीला भेट म्हणून त्यांनी जुनीच गोष्ट रंगवली. नव्या राजाचं धान्य खाणार नाही म्हणत दोन भाऊ डोंगरात जातात, रानपाल्यावर राहतात आणि उपासमारीनं मरतात. गोष्ट फार जुनी, पण आता तो राजा कोण, हे पोरासोरांनाही कळत होतं.

कुणीतरी चुगली केली. अंमलदार आला तेव्हा चित्र समोरच पसरलेलं होतं. भेटीच्या चित्रावर कोपऱ्यात घेणाऱ्याचं नाव लिहायची आमची रीत; ती जागा अजून कोरी होती.

"कुणासाठी काढलंस? लिही इथं नाव."

थाननी सावकाश शाई घोटली आणि स्वतःचंच नाव लिहिलं. "साहेब, माझा माझ्यावर फार जीव. म्हणून मीच मला भेट दिली."

अंमलदार हसला. "मग तूही पालाच खा."

तुरुंगात त्यांना खरंच पाला मिळाला. वहिनींनी नेलेला भात पहारेकरी खायचे. थंडी सरायच्या आत थान गेले.

अंत्ययात्रेवर अंमलदाराची नजर होती; तिथं शेन मास्तर ऊर बडवताना दिसले असते, तर ते चित्र कुणासाठी होतं हे त्याला लगेच कळलं असतं. म्हणून आम्ही त्यांच्या दाराला बाहेरून कडी घातली. तिरडी गल्लीबाहेर पडेपर्यंत ते आतून दार ठोकत होते.