सख्ख्या बहिणीचं हॉटेल

आमच्या टॅक्सी स्टँडवर त्याला सगळे धर्मराज म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. म्हणजे पहिला गुन्हा माझा, हे आधीच कबूल करतो.

थंड हवेच्या गावात माणसं हवा खायला येतात म्हणतात, ते साफ खोटं. माणसं खायला येतात. बसमधून उतरून कानटोप्या चढवतात, दरीकडे बघून 'अहाहा' करतात आणि पाचव्या मिनिटाला नवरा-बायकोत जुंपते, जेवायचं कुठं. मोठ्या रस्त्यावर एकाला एक चिकटून बावीस हॉटेलं. प्रत्येकाच्या दारात फळा आणि प्रत्येक फळ्यावर तेच पाच पदार्थ. नवऱ्याला पहिलं महाग वाटतं, बायकोला दुसऱ्यातलं टेबल कळकट वाटतं, सासूबाईंना तिसऱ्याचा जिना चढवत नाही. तासभर असं वरखाली झालं की पोरं भोकाड पसरतात आणि सगळी वरात आमच्याकडे येते. ड्रायव्हरदादा, इथं चांगलं कुठं मिळतं हो?

आम्ही बाकीचे सरळ नाव सांगायचो. त्यांना वाटायचं, याचे तिथं काहीतरी लागेबांधे असणार. ते असायचेच. ज्या हॉटेलात गिऱ्हाईक न्यावं, त्याच्या मागच्या खोलीत ड्रायव्हरला फुकट ताट मिळायचं. धर्मराजाची तऱ्हा वेगळी होती. तो माणसं गाडीत घालायचा आणि हळूहळू रस्त्याच्या टोकाशी, हिरव्या दाराच्या एका हॉटेलापाशी आणायचा. आठच टेबलं, खिडकीत कुंड्या, आरशासारखी फरशी. गाडीतलं कुणीतरी म्हणायचंच, हे बरं दिसतंय की. मग तो ब्रेक दाबायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे. तरी सांगतो, इथं नको."

झालं काम. जो स्वतःच्या बहिणीचं गिऱ्हाईक तोडतो, तो आपल्याशी खोटं कशाला बोलेल? त्यानंतर तो नेईल तिथं ती माणसं मुकाट्यानं जायची. जेवण त्याच्या सांगण्यावरून, शाली त्याच्या सांगण्यावरून, मधाच्या बाटल्या आणि घोड्याची रपेटसुद्धा. परत जाताना त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. आम्ही स्टँडवर बसून हे बघायचो आणि हसायचो. मीही हसायचो, पोट धरून.

बहीण होती मात्र खरीच, आणि सख्खीच. बाप शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळला होता. तिनं त्याचं सगळं काढलं, रात्रीचा दिवस केला. हा महिन्यातून एकदा उंबऱ्यावरूनच कसं काय विचारून जायचा. बापानं जाताना रस्त्यावरची ती खोली लेकीच्या नावावर केली. तिचा नवरा एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होता. त्यानं नोकरी सोडून तिथं हॉटेल टाकलं. पहिल्या दिवशी धर्मराज आला, भिंतीवरून हात फिरवला आणि पाण्याचा घोटही न घेता गेला. भांडण नाही, तंटा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण भांडणारा माणूस परवडतो.

आणि बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवसातून तीन-चारदा भावाची गाडी दारात थांबायची. ती हातातलं काम टाकून बाहेर यायची, फडक्याला हात पुसत हसायची, भावाला हात करायची. गाडीतली माणसं तिच्याकडे कीव आल्यासारखी बघायची. गाडी पुढं जायची. ती घरी नवऱ्याला सांगायची, दादा आणतो रे बिचारा माणसं, ती दारातूनच परत जातात, आपलंच काहीतरी चुकतंय.

मग चूक शोधायला लागली. फळा रंगवला, खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले. शेवटी नवऱ्याच्या हातावर घसरली. तुझ्या हातची चव गेली, म्हणाली. तीनशे पोरांचा स्वयंपाक लीलया करणारा माणूस, तो कोंबडीच्या रश्शाची चव दहादा बघायला लागला. एकदा मीठ कमी, एकदा जास्त. लग्नाला बारा वर्षं झालेली ती दोघं एकाच स्वयंपाकघरात एकमेकांकडे पाठ करून उभी असायची.

चौथ्या सीझनमध्ये, आदल्या दिवशी धर्मराजाच्या गाडीतून फिरलेलं एक म्हातारं जोडपं आत शिरलं. म्हाताऱ्याचा पाय मुरगळला होता, पुढं चालवत नव्हतं एवढंच. त्यांनी रस्सा खाल्ला, परत मागून घेतला, पावानं वाटी पुसून काढली. निघताना म्हातारी मोठ्या मायेनं म्हणाली, बाई, तुमच्या भावाचं मनावर घेऊ नका हो, सगळ्यांच्या जिभा सारख्या नसतात. मग बहिणीनं खोदून विचारलं आणि भाऊ दाराशी गाडी थांबवून काय म्हणतो, ते त्यांनी सांगितलं. चांगली माणसं होती, त्यांना काय कल्पना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्टँडवर आली. हातात झाकलेलं ताट होतं. आम्ही अकराजण पत्ते खेळत होतो. तिनं ताट धर्मराजाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, वरचं फडकं काढलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही.

"दादा, तू आमच्याकडे कधी जेवलाच नाहीस," ती म्हणाली. "आज जेव. आणि मग लोकांना काय सांगायचं ते सांग."

तो उभ्यानंच जेवला. सावकाश, घास चावून चावून. आम्ही पत्ते हातात धरून बसलो होतो आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. लहान मूल निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघतं ना, तशी. त्यानं ताट साफ केलं, बोटं पुसली आणि म्हणाला, "चांगलं आहे."

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. रिकामं ताट छातीशी धरून जवळजवळ पळतच गेली. नवऱ्याला सांगायला गेली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं एक कुटुंब उतरलं. मला वाटलं, आता बघू. माझी गाडी त्याच्या मागोमाग होती. हिरव्या दाराशी त्यानं ब्रेक दाबला, मान खाली घातली, आणि पाठीमागून मला त्याचे ओठसुद्धा बघायची गरज पडली नाही. ती दारात आली होती. आज तिनं हात केला नाही. गाडी पुढं गेली.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. अरे, काल स्वतःच्या तोंडानं चांगलं म्हणालास, मग? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा काही वेडा मीच आहे.

"चांगलंच आहे," तो म्हणाला. "पण ते वाक्य सोडलं तर माझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

खोलीचा विषयही त्यानं काढला नाही. खोलीचा राग होता की धंद्याची सोय, हे त्याचं त्याला तरी कळत होतं का, देव जाणे. त्या वाक्यावर सगळा स्टँड जेवत होता. त्याच्याकडे गर्दी झाली की उरलेली माणसं तो आम्हाला वाटून द्यायचा. मी बोललो नाही, कारण माझंही ताट त्यातच होतं. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सीझन संपायच्या आत हॉटेल बंद पडलं. खोलीत स्वेटरवाला आला. नवऱ्याला खाली शहरात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं आणि तो पुढं गेला. आठवड्यानं ती निघाली, तेव्हा धर्मराजच म्हणाला, बहिणीला मी सोडणार, तिच्याकडून भाडं घ्यायचं नाही. माझी गाडी गॅरेजला होती, मला पार्ट आणायला खाली जायचं होतं, म्हणून मी पुढं त्याच्या शेजारी बसलो. मधल्या सीटवर एक तरुण जोडपं, वाटेतल्या पॉइंटवर उतरणारं. मागं ती, मांडीवर गाठोडं घेऊन.

जोडप्यात तोच वाद चालू होता, परत आल्यावर जेवायचं कुठं. हिरव्या दाराशी आल्यावर धर्मराजाचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. दारावर आता लोकरीचे मफलर लटकत होते. त्यानं मान खाली घातली.

"इथं होतं एक," तो म्हणाला. "माझ्या सख्ख्या बहिणीचं. गावात तसा चवीचा हात नव्हता. लोकांनी चालू दिलं नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, मी शेजारीच होतो. त्या मुलीला फार वाईट वाटलं. ती मागं वळून म्हणाली, "तुम्ही इथल्याच ना हो मावशी? तुम्ही जेवला होतात का तिथं?"

"नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ म्हणायचा, तिथं नको."

धर्मराजानं गिअर टाकला. पुढच्या वळणावर त्यानं त्या दोघांना तळ्याकाठच्या हॉटेलाचं नाव सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.