हमदम-अकाचा लाल गालिचा

रिश्तान गावच्या कुंभारगल्लीत पांढऱ्या नेक्सिया गाड्या बऱ्याच होत्या, पण हमदम-अकाची गाडी लांबूनही ओळखू यायची. गल्लीच्या या अकाने, म्हणजे दादाने, उभं आयुष्य भट्ट्यांसाठी ट्रॅक्टरने माती वाहिली. त्या ट्रॅक्टरच्या सीटमधून स्प्रिंग वर आलेली असायची आणि त्याने ती तशीच सोसली. निवृत्त झाल्यावर जुनी नेक्सिया घेतली आणि मग मात्र माणूस सुटलाच. स्टिअरिंगला कातडं चढवलं ते स्वतः सुईने शिवून. छताला निळी मखमल चिकटवली. गिअरच्या दांडीला रिश्तानच्याच निळ्या चिनीमातीची मूठ बसवली. दारांच्या आतल्या बाजूला बायकोच्या जुन्या रेशमी झग्याचं कापड ताणून लावलं. ओयनिसाने कपाटात झगा शोधशोध शोधला आणि शेवटी तो गाडीत बसल्यावर तिला कोपराशी सापडला.

"अहो, उद्या मलाही कापून कुठेतरी चिकटवाल," ती म्हणाली.

"तू मागच्या काचेवर शोभशील," हमदम-अका म्हणाला.

शेजारचा मामासोली ही सगळी कामं भिंतीवर हात टेकून बघायचा. तो स्वतः भट्टीवाला, जिभेचा तिखट. "हमदम, चाकं काढून टाक आता. अंगणात ठेव, पाहुणे बसवायला होईल," असं तो रोज काहीतरी बोलायचा. हमदम-अकाला ते लागायचं. म्हणूनच बहुतेक त्याने लाल गालिच्याचं काम काढलं.

गालिचा ओयनिसाच्या लग्नातला, कडेने कसर लागलेला पण मधे अजून धगधगीत लाल. हमदम-अकाने गाडीच्या तळाचे कागदी साचे काढले, गालिचा बेतला आणि सरसाने असा घट्ट बसवला की त्याचा जन्मच तिथला वाटावा. त्यात एक खुबीही केली. गालिच्याच्या लवेला कल असतो. त्याने लव पुढच्या बाजूला झुकेल असा गालिचा लावला, म्हणजे दार उघडलं की उजेड पडून तो चमकतो. आणि चमकला! सगळी गल्ली बघायला आली. मामासोली आला, वाकला, आणि काही बोलायच्या आधी त्याने बूट काढले.

त्यात नवल काही नाही. लाल गालिच्यावर बूट घालून पाय ठेवणारा माणूस त्या गल्लीत जन्मलाच नव्हता. त्या दिवसापासून हमदम-अकाच्या गाडीत बसायचं तर पादत्राणं हातात घ्यायची आणि पुढच्या सीटखाली सारायची, असा नियमच झाला. गाडी मोज्यांत चालवायची. हमदम-अकाचं नाक इतकं वर गेलं की त्याला पायाखालचं दिसेना.

शरद संपताना एकदा तो बाजारातून एकटाच येत होता. कालव्याकडच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि ब्रेक खाली जाईना. पुन्हा दाबला. पायाखाली काहीतरी मऊ, रबरी. त्याचाच एक कलीश, चिखलात घालायचा तो रबरी जोडा, सीटखालून घसरत, लवेच्या कलाने सरसर पुढे येऊन ब्रेकखाली जाऊन बसला होता. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी एका चिनाराला घासून थांबली. बंपर फाटला. माणसाला काही झालं नाही, पण हमदम-अका बराच वेळ त्या झाडाजवळ मांडीवर तो कलीश घेऊन बसून राहिला.

घरी येऊन त्याने सांगितलं की बोकड आडवा आला. बंपर स्वतःच भरला, घासला, रंगवला. गालिचा उपटायला त्याने दोनदा कोपऱ्यात बोटं घातली. पण भिंतीपलीकडे मामासोली उभा असायचा. तो काय म्हणेल हे हमदम-अकाला शब्दन् शब्द ऐकू यायचं, आणि बोटं परत बाहेर यायची. तेव्हापासून तो आपले कलीश मांडीवर घेऊन गाडी चालवायचा. गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ आली की कंबर धरली, टायर बसला, काहीही सांगायचा. भीती पोटात ठेवून माणूस हसतखेळत राहू शकतो, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

त्यांची एकुलती मुलगी झुलहुमोर बाळंतपणाला माहेरी आली होती, जावई इल्योरही आपली गाडी घेऊन आला होता. बाळ पोटात आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, कळांची वाट बघू नका, दिवस भरत आले की ताश्कंदला न्या. ताश्कंदला जायचं म्हणजे कामचिकचा घाट चढून उतरायचा. घाटात बर्फ पडायला लागला होता.

त्या दिवशी पहाटे वरच्या गल्लीत एका लग्नघरचा पुलाव होता. असा पहाटेचा पुलाव पुरुषांनी चुकवायचा नसतो. हमदम-अका मामासोलीबरोबर जेवून, आशीर्वाद देऊन परत आला तर दारासमोरची जागा रिकामी.

"गाडी कुठे?"

ओयनिसा डोळे पुसत उभी होती. "झुलहुमोरला दुखायला लागलं. इल्योरची गाडी चालूच होईना. तो म्हणाला, वाट बघत बसायची ही वेळ नाही. मी किल्ली दिली. चुकलं का माझं?"

"नाही," हमदम-अका म्हणाला.

त्याने जावयाला फोन लावला. लागला. इंजिनाचा आवाज, आणि मागे लेकीचं कण्हणं. सांगायचं होतं ते एवढंच: सीटखालचे जोडे काढ. पण मामासोली शेजारीच उभा, दात कोरत, कान टवकारून.

"इल्योर," तो म्हणाला, "हळू चालव हं बाळा."

"हो बाबा. गाडी मस्त आहे तुमची," इल्योर म्हणाला आणि फोन बंद झाला.

मामासोली आपल्या भट्टीकडे वळला तसा हमदम-अकाने लगेच पुन्हा लावला. लागेना. पुन्हा, मग पुन्हा. 'संपर्काबाहेर' म्हणणाऱ्या त्या बाईचा गोड आवाज त्याला चाबकासारखा लागत होता. त्याला घाट दिसू लागला. पलीकडचा उतार, एका बाजूला दरी, इल्योरच्या मोज्यातला पाय ब्रेककडे जातोय आणि ब्रेक खाली जात नाहीये. मागच्या सीटवर लेक. तिच्या पोटात बाळ. आणि हे सगळं कशापायी, तर दार उघडल्यावर गालिचा चमकावा म्हणून. त्याला उलटी आली. पहाटेचा पुलाव अंगणात पडला.

"अहो, काय झालं?" ओयनिसाने त्याला धरलं.

तेव्हा त्याने बायकोला सांगितलं. चिनार, कलीश, बोकडाची थाप, सगळं. मग ओयनिसा दाराआड गेली आणि दोन जोड घेऊन आली. इल्योरचे बूट आणि झुलहुमोरचे लोकरीच्या अस्तराचे बूट.

"गाडी गेल्यावर रस्त्यात हे दिसले," ती म्हणाली. "घाईत दोघं घरात शिरावं तशी गाडीत शिरली. जोडे बाहेरच राहिले. जाणाऱ्याचे जोडे मागे राहिलेले बघून मला कसंसंच झालं. तुम्ही चिडाल म्हणून लपवले."

हमदम-अकाने ते बूट छातीशी धरले आणि लहान मुलासारखा रडला. ओयनिसाही रडली आणि मधेच हसली, कारण लेक ताश्कंदच्या मोठ्या दवाखान्यात मोज्यांत उतरणार होती. दोघं बूट मधे ठेवून तिथेच बसली.

तेवढ्यात फोन वाजला. इल्योर.

"बाबा, हसू नका. घाटाच्या पायथ्याशी चहाखान्यापाशी थांबलोय आणि आमच्या पायांत काही नाही! जोडे तुमच्या दारात राहिले."

"असू दे, असू दे! झुलहुमोर कशी आहे?"

"दुखणं जरा थांबलंय. चहावाला फार भला माणूस. त्याने दोन जोड कलीश दिले, येताना परत कर म्हणाला. तुमच्या नियमाप्रमाणे सीटखाली सारलेत, गालिच्याला चिखल लागू दिला नाही. निघतो आता. घाटात फोन लागणार नाही, काळजी करू नका."

हमदम-अका उभा राहिला. भिंतीपलीकडे मामासोली होता. फाटकात त्याची सून होती, आणि ओकल्याचा आवाज ऐकून आलेल्या आणखी दोघीतिघी होत्या. फोनमध्ये गाडी सुरू झाल्याची घरघर आली.

"थांब!" हमदम-अका एवढ्या मोठ्याने ओरडला की कोंबड्या उडाल्या. "इल्योर, गाडी बंद कर! ते कलीश बाहेर टाक! उतारावर ते घसरून ब्रेकखाली जातात. माझे गेले होते. बोकड नव्हता आडवा आला, मी खोटं बोललो. गालिचाच मी चुकीचा लावलाय!"

फोनमधली घरघर बंद झाली.

मग इल्योरचा आवाज आला, आणि त्यात जावयाची अदब उरली नव्हती. "सकाळी तुम्ही फोन केला होतात. तेव्हा का नाही सांगितलंत?"

हमदम-अकाने मामासोलीकडे बघितलं. मामासोलीने मान खाली घातली.

"लाज वाटली," हमदम-अका म्हणाला.

"मी तुमच्या मुलीला घेऊन घाट चढणार होतो, बाबा."

"होय."

फोनवर दार उघडल्याचा आवाज झाला. झुलहुमोर काहीतरी विचारत होती, इल्योर तिला हळू आवाजात सांगत होता. मग तो म्हणाला, "कलीश आता मी पायांत घालतोय. आणि हा गालिचा काढतोय. हा राहिला तर कुणीतरी पुन्हा जोडे काढेलच."

"काढ," हमदम-अका म्हणाला.

फोन बहुतेक सीटवर ठेवला असावा. इल्योरचं धापा टाकणं ऐकू येत होतं, आणि गालिचा उखडल्याचा टरटर आवाज. तो थांबे आणि पुन्हा सुरू होई. हमदम-अकाने काम चोख केलं होतं, गालिचा सुटत नव्हता. मधेच झुलहुमोर कळ येऊन ओरडली. इल्योरने शिवी हासडली.

"इल्योर," हमदम-अका फोनला तोंड लावून म्हणाला, "डावीकडच्या कोपऱ्यातून ओढ. ब्रेकजवळून ओढू नकोस, तिथे मी दोन वेळा सरस लावलाय. चाकू घाल खालून."

टरकन मोठा आवाज झाला.

"निघाला," इल्योर म्हणाला. गाडी सुरू झाली. फोन तुटला.

ओयनिसाने दोन्ही जोड उचलून उंबऱ्यापाशी ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून, पाहुणा निघताना ठेवतात तसे. हमदम-अका पायरीवर त्यांच्याशेजारी बसला. मामासोली भिंतीला वळसा घालून आला आणि त्याच्याजवळ बसला. घाट अजून चढायचा होता, आणि उतरायचाही.