जमीन लस्तरीची, घर आईचं, फणस भावाचा

ऑगस्टमध्ये जपानात ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची, सुट्टी लागली की सेंदाईतली आमची लॅब आठवडाभर ओस पडते. दरवर्षी नवरा, आठ वर्षांची लेक आणि मी कुठल्या तरी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जाऊन येतो. यंदा मी एकटीच निघाले आणि तेही जावा बेटावरच्या एका भातशेतीच्या गावाला. कारण लस्तरी.

लस्तरी चार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. तिचे वडील जाऊन तीन वर्षं होत आली होती. तिच्या गावात माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी मोठी प्रार्थना असते, आणि तो दिवस नेमका सुट्टीत येत होता. कँटीनमध्ये डबा खाताना ती म्हणाली, "तू चल ना. मला तिथे कुणीतरी माझं हवंय." स्वतःच्या घरी जाणाऱ्या बाईला आणखी कुणी आपलं का लागावं, ते मला कळलं नाही. तरी मी तिकीट काढलं.

जायचा विचार असेल त्यांच्यासाठी: सेंदाईहून शिंकानसेन या बुलेट ट्रेननं तोक्यो, तिथून नारिता, नारिताहून साडेसात-आठ तासांत जकार्ता. भारतीय पासपोर्टवर व्हिसा विमानतळावरच मिळतो, रांग मात्र लांबलचक असते. पुढे जकार्ता ते योग्यकर्ता ट्रेन. दिवसाचीच गाडी घ्या, कारण खिडकीतून सहा-सात तास नुसती शेतं दिसतात. वरच्या वर्गाचं तिकीट आपल्या अडीच-तीन हजार रुपयांच्या आसपास पडतं. सेंदाई स्टेशनवर मी भेट म्हणून मिठाईचा मोठा खोका उचलला होता. लस्तरीनं मागची यादी बारकाईनं वाचली, त्यात दारूचा अंश निघाला, तो मुसलमान घरात चालणार नाही म्हणून खोका परत ठेवला. "साखर आणि चहा घेऊ," ती म्हणाली, "तिथे पोचल्यावर." मला ते फारच साधं वाटलं. गावात पोचल्यावर पाहिलं, तर येणारी प्रत्येक बाई साखर आणि चहाच घेऊन येत होती.

योग्यकर्त्यापासून गाव गाडीनं दीडेक तासावर. स्टेशनवर लस्तरीचा थोरला भाऊ बंबांग घ्यायला आला होता. तो शाळेत शिकवतो, इंग्रजी बरं बोलतो. सगळे त्याला मास बंबांग म्हणतात. मास म्हणजे दादा. घरी तिची आई, जिला मीही सगळ्यांसारखं इबू म्हणू लागले, आणि धाकटी बहीण वुलान. वुलानचं सासर पाटापलीकडच्या वाडीत, चालत दहा मिनिटं. घर जुन्या सागाचं, चारही बाजूंनी उतरत्या कौलांचं, दगडी जोत्यावर बसवलेलं. भोवती परसात नारळ, केळी आणि एक प्रचंड फणस.

पहिल्या सकाळी लस्तरी मला शेत दाखवायला घेऊन गेली आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. पाटाजवळचे दोन तुकडे मास बंबांगचे, पण कसतो शेजारी, अर्धेलीनं. तिसरा तुकडा वुलानचा. घराखालची जागा आणि परस लस्तरीचं. वडिलांनी जाण्याआधी तिघांना समोर बसवून तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, म्हणजे घर तुझं. ती म्हणाली, नाही, घर इबूचं. इबूच्या लग्नात ते तिच्या माहेराहून आलं. मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. घर माहेराहून कसं येईल? "आलं," ती म्हणाली, जणू कपाटाबद्दल बोलतेय. आणि फणस? फणस मास बंबांगचा, कारण लहानपणी त्यानं लावला. म्हणजे लस्तरीच्या जमिनीवर आईचं घर आणि भावाचं झाड. मी वहीत चित्र काढून पाहिलं. वुलाननं वहीत डोकावून मान हलवली आणि केळीचे दोन घड तिसऱ्याच काकूंच्या नावावर टाकले.

हजाराव्या दिवसाची प्रार्थना संध्याकाळी झाली. सकाळी कबरीवर नवा दगड बसला. दुपारभर वीस-पंचवीस बायका परसात चुली मांडून रांधत होत्या. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर माझ्यासमोर आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे, टोफू आणि नारळाच्या दुधातल्या भाज्या येतच राहिल्या. सूर्य मावळल्यावर पुरुष चटयांवर बसून एका लयीत प्रार्थना म्हणत राहिले. मग प्रत्येकाच्या हाती जेवणाचा डबा दिला आणि सगळे भराभर निघून गेले. आपल्याकडे पंगत उठल्यावर तासभर गप्पा चालतात, तसलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मास बंबांगनं मला सहज सांगितलं की परवा घर हलवायचं आहे. इबूनं घर वुलानला द्यायचं ठरवलंय. ते सुटं करून पाटापलीकडे वुलानच्या सासरच्या जागेत उभं करायचं, आणि इबू तिथेच राहणार. लस्तरी खाली मान घालून चहा ढवळत होती. तिला हे त्याच सकाळी कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मला राहवलं नाही. मी त्याला विचारलं, "लस्तरीला न विचारता तुम्ही तिच्या जागेवरचं घर कसं नेता? ती परदेशात आहे म्हणून?"

तो हसला, माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठला. शाळेला सुट्टी होती.

लस्तरीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "तू माझ्या भावाला चोर ठरवलंस," ती म्हणाली. "त्याच्याच आईच्या घरात."

"पण तुला विचारलं कुणी?"

"तुला कुणी विचारलं होतं?"

तिचा अर्थ एवढाच असावा की तुझा संबंध काय. मला ते वेगळ्याच ठिकाणी लागलं. आठ वर्षांपूर्वी वडील गेल्यावर मी पुण्याला गेले होते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत माझ्या भावासाठी हक्कसोड पत्रावर सही केली. कुणी बळजबरी केली नाही. कुणी विचारलंही नाही. बाहेर आल्यावर वहिनीनं पेढा दिला, तो मी खाल्ला आणि चार दिवसांत जपानला परतले. ही गोष्ट मी नवऱ्यालाही धड सांगितलेली नव्हती. त्या धुरकट स्वयंपाकघरात ती लस्तरीला सांगितली. तिनं ऐकून घेतलं, मग माझ्यासमोर लसणाची टोपली सरकवली. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो. दुपारी मी मास बंबांगची माफी मागितली. तो पुन्हा हसला. त्याचं मागचं हसू आणि हे हसू यात फरक होता की नाही, ते मला अजून सांगता येणार नाही.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता माणसं जमली. बोलावणं कुणी केलं, दिसलं नाही; मजुरीची गोष्टच नव्हती. एका म्हाताऱ्या सुतारानं प्रत्येक सांध्यावर रंगानं खुणा केल्या. मग छपरापासून पाटापर्यंत माणसांची साखळी लागली आणि कौलं हातोहात निघाली. मीही त्यात उभी राहिले. शेजारच्या बाईनं मला कौल दोन्ही हातांनी कसं धरायचं ते करून दाखवलं. तरी माझ्याकडून तीन फुटली. फुटलेली तिनं बाजूला ठेवली. दहा वाजेपर्यंत वासे मोकळे, दुपारी तुळया उतरल्या. शेवटी खांब निघाले, आठ-आठ माणसांच्या खांद्यावरून पाटावरच्या छोट्या पुलानं पलीकडे. इबू फणसाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होती. मग तिची खुर्चीही कुणीतरी उचलली आणि ती मागोमाग चालत निघाली.

उरलं नुसतं जोतं. खांबांच्या जागी फिकट चौकोन, कपाटाच्या जागी धुळीचा पट्टा. लस्तरी मधोमध उभी राहून रडत होती. मला वाटलं होतं तसं घर गेल्याचं हे रडणं नव्हतं, कारण ती स्वतःच म्हणाली, "घर वुलानलाच जायला हवं, सगळं करते तीच. पण मी जपानला गेल्यापासून तेरा वर्षांत इबूनं मला एकदाही विचारलं नाही, परत येणार का म्हणून. आज विचारलं."

मी म्हटलं, इबू तर दिवसभर एक शब्द बोलली नाही.

"हो ना," ती म्हणाली. "घर उचलून जागा माझ्यासमोर मोकळी ठेवली, तेच तिचं विचारणं."

एवढ्यात इबू परत आली. पुलावरून एकटी, हातात लांब खराटा. तो तिनं लस्तरीच्या हातात दिला आणि दोनच शब्द बोलली, ते लस्तरीनं मला नंतर समजावले: "झाडून घे." लस्तरीनं सगळं जोतं कडेपर्यंत झाडलं. इबू शेवटपर्यंत उभी होती. ही बाई लेकीला जागा सोपवत होती, की आता तुझं इथे काही नाही म्हणत होती? मी दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिले.

सेंदाईला परतून महिना झाला. नवऱ्यानं विचारलं, कसं होतं गाव? मी त्याला वहीतलं चित्र दाखवलं, आणि समजावता समजावता माझंच मला चुकायला लागलं. जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की गावात राहायला मिळालं तर खिशातले पैसे खिशातच राहतील, कुणी घेणार नाही. आणि पहिल्या तीन दिवसांत कुणाची बाजू घेऊ नका.

गेल्या आठवड्यात लस्तरीला लॅबच्या वेळात फोन येऊ लागले. एक आला, मग दुसरा, दुपारी तिसरा. ती पांढरा कोट घालूनच कॉरिडॉरमध्ये जायची आणि मऊ, लांबट सुरात बोलायची. मला काळजी वाटली. चौथ्या फोननंतर मी विचारलं, इबू बरी आहे ना?

"बरी आहे. कापणी झालीय," ती म्हणाली. आळीतल्या बायकांना भात वाळवायला त्या जोत्यासारखी सपाट, उन्हाची जागा दुसरी नाही. त्या इबूकडे गेल्या, तर इबूनं सांगितलं की मला काय विचारता, जागा जिची तिला विचारा. म्हणून एकेक काकू सेंदाईला फोन करत होती.

"मग तू काय सांगतेस?"

तिनं कोटाच्या खिशातून कागद काढला. त्यावर वार लिहिले होते आणि प्रत्येकापुढे एक नाव. मंगळवारी दोन नावं आली होती, ते तिला सोडवायचं होतं. फोन पुन्हा वाजला. ती पेन शोधत कॉरिडॉरकडे गेली आणि जाता जाता मला तिचं सेंट्रिफ्यूज यंत्र बंद करायला सांगून गेली.